एका घराला तोंडं किती

त्या दिवशी डेअरीत सगळ्यांनी हात वर केले आणि इमेरने केला नाही.

मी बाहेर पायरीवर बसले होते. बायकांना सभेला बोलवत नसत, पण उन्हाळ्यात दार उघडंच असायचं आणि कान काही कुणी घरी ठेवून येत नाही. आतून डेअरीचा कारभार बघणाऱ्या आदेमारकाकांनी विचारलं, विरुद्ध कुणी आहे का. मग इमेरचा खोकला ऐकू आला. अकरा वर्षं संसार केलाय त्याच्याबरोबर, तो खोकला मी ओळखते. पुढे काहीतरी अवघड येणार, हे तेव्हाच कळलं.

भानगड अशी होती. त्या वर्षी आमच्या जुराच्या डोंगरात पाऊस म्हणून पडलाच नाही. वरची कुरणं पिवळी पडली, गाई आटल्या, आणि त्यात डेअरीच्या तळघरातली चीजची दोन मोठाली गोल चाकं फुगून तडकली. दरीतल्या व्यापाऱ्याने ती जशीच्या तशी परत पाठवली. आमचा चीज करणारा कास्पर एरवी मोजून मापून बोलणारा माणूस, पण तोही म्हणाला की दूध पातळ येतंय. कुणीतरी संध्याकाळच्या दुधावरची साय काढून घेतंय, नाहीतर झऱ्याचं पाणी घालतंय. नाव कुणाचंच घेतलं नाही त्याने. घेतलं असतं तर बरं झालं असतं, एकाचंच तोंड काळं झालं असतं. आता सगळं कोंबेट गाव एकमेकांच्या भांड्यात डोकावायला लागलं.

म्हणून नियम निघाला. रोज प्रत्येक घराचं थोडं दूध काचेच्या नळीत घालायचं, त्या नळ्या आदेमारकाकांच्या आतल्या खोलीत कुलपात ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी वर साय किती धरली ते काका आणि आणखी दोघं बघणार. नळीवरच्या रेघेपेक्षा साय कमी भरली तर ते घर वर्षभर बाहेर, आणि त्याचं चाक बुडालं.

इमेर म्हणाला, "माझ्या दुधात पाणी नाही. पण तुम्ही हात वर केलेत म्हणून मी माझं दूध कुणाच्या कुलपात देणार नाही. किती हात वर झाले, यावरून मी चोर की साव हे ठरत नसतं."

आत गलका झाला. नूमा तर कपाळाला हात लावून बसला असणार, कारण तो इमेरचा जिवलग. दोघंही घड्याळवाल्यांच्या मंडळात. रविवारी दुपारी दारूच्या गुत्त्यात हे लोक जमायचे, एकमेकांना सोबती म्हणायचे, त्यांच्यात अध्यक्ष नाही की सचिव नाही, कुणी कुणावर हुकूम चालवायचा नाही, सरकार नको, पाद्री नको, मालक नको, हे तासन्‌तास चालायचं. तोच नूमा आता डेअरीत हात वर करून बसला होता, कारण डेअरीत तो घड्याळवाला नव्हता, तीन गाईंचा धनी होता.

आदेमारकाका चिडले नाहीत. ते म्हणाले, इमेर, तू मोकळा आहेस, तुझ्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही. आम्हीही मोकळे आहोत, तुझं दूध न घ्यायला.

इमेरने जरा विचार केला आणि म्हणाला, "हे बरोबर आहे." आणि बाहेर आला. मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. माणूस स्वतःच्या घरावर धोंडा पाडून घेतो आणि वर म्हणतो हे बरोबर आहे.

आमच्याकडे चाक कसं होतं ते सांगते म्हणजे माझा जीव का वर-खाली झाला ते कळेल. एका घराच्या दुधात चाक होत नाही. सगळ्या गावाचं दूध एका तांब्याच्या कढईत पडतं तेव्हा एक चाक होतं, ते उचलायला दोन माणसं लागतात. म्हणून प्रत्येक घर आपलं दूध रोज दुसऱ्याच्या चाकात उसनं घालतं, आणि घातलेलं दूध एका चाकाएवढं झालं की त्या दिवशीचं चाक त्या घराचं. त्या दिवशी चुलीला लाकूड त्या घराचं आणि कास्परचं जेवणही त्याच घरी. आमची पाळी सप्टेंबरअखेर यायची होती. ते चाक दरीतल्या गिरणीत जायचं आणि त्याच्या बदल्यात हिवाळ्याचं पीठ यायचं. बटाटे त्या वर्षी गोट्यांएवढे निघाले होते. म्हणजे चाक नाही तर भाकरी नाही, इतकं सरळ होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून चार गाईंचं दूध घरातच राहिलं.

सकाळी दूध, संध्याकाळी दूध. मी लोणी घुसळलं, घुसळून घुसळून खांदे भरून आले. कपडे उकळायच्या पातेल्यात चीज लावून बघितलं, ते चौथ्या दिवशी फुगलं आणि त्याला पायमोज्यांचा वास यायला लागला. उरलेलं नासून गेलं, ते डुकराला घातलं. डुकराची मजा झाली. घरात जिकडे बघावं तिकडे ताटल्या, मडकी, त्यांच्यावर फडकी, फडक्यांवर माश्या. आणि इमेर खिडकीशी बसून घड्याळाचे काटे घासत होता.

ते त्याचं काम. केसासारखे बारीक पोलादी काटे, तापवून निळे केलेले. त्या कामाला बोटं मऊ आणि स्थिर लागतात म्हणून तो कुऱ्हाड धरत नाही, शेण काढत नाही, दूध काढत नाही. लग्न झालं तेव्हाच आईने मला सांगितलं होतं, घड्याळवाला करतेस तर गोठा तुझ्या गळ्यात येईल. आला. मी तक्रार केली नाही. पण त्या दिवशी हातातलं फडकं पिळताना माझ्या डोक्यात एकदम लखकन आलं, की हा डेअरीत नाही म्हणाला, पण त्या दुधाला याने कधी हात तरी लावलाय का?

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "नाही तू म्हणालास," मी म्हणाले, "आणि दूध मी नासवतेय."

त्याने कानस खाली ठेवली. इमेरचं एक आहे, तो रागवत नाही. त्याला प्रश्न विचारला की तो त्याला काटा रुतल्यासारखा लागतो, आणि मग तो काढेपर्यंत त्याला चैन नसतं. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला की सभेत आपण फक्त स्वतःपुरतं बोललो. मी विचारलं, मग माझ्यापुरतं कोण बोललं? कुणीच नाही, हे त्याने लगेच कबूल केलं. हे मला त्याचं आवडतं आणि याच गोष्टीने माझं डोकं उठतं.

रात्री सूप पिताना आम्ही गोठ्याची वाटणी केली. भांडून नाही, हिशेबीपणे. दोन गाई माझ्या माहेरच्या, त्या माझ्या. दोन त्याच्या बापाच्या, त्या त्याच्या. माझ्या दुधाचं काय करायचं ते मी ठरवणार, त्याच्या दुधाचं तो. मी त्याच्या गाईंकडे बघायचं नाही, त्याने माझ्या. त्याला ही वाटणी फारच पसंत पडली. इतकी की तो जेवता जेवता गालात हसायला लागला. मला मनातून वाटलं, चार दिवस काढ धारा, मग बघते किती हसतोस.

सकाळी तो स्टूल घेऊन बसला. लहानपणी काढायचा म्हणे, पण हात विसरले होते. गाय बिथरली, लाथ मारली, बादली लवंडली. मी पाठ करून माझ्या गाईखाली बसले होते आणि पोट धरून हसत होते, तोंड गाईच्या कुशीत घालून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. आठवडाभरात त्याचे अंगठे सुजले, मनगटाला गाठी आल्या. काटे घासताना हात थरथरायचे, दिवसाला निम्मे काटे वाया जायचे. पण एका शब्दाने म्हणाला नाही की झेलीन, तू काढ. गावातले लोक काही ना काही निमित्त काढून गोठ्याशी यायचे आणि बघून जायचे. कुणी टोमणा मारायचं, की सोबती, हुकूम नको म्हणालास ते गाईने ऐकलं वाटतं. इमेर हसायचा आणि ओढत राहायचा.

मी माझ्या दोन गाईंचं दूध पाठीवर घेतलं आणि डेअरीत गेले. म्हटलं, नळीत घाला, कुलपात ठेवा, काय हवं ते करा, माझं दूध घ्या.

आदेमारकाकांनी भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ते म्हणाले की डेअरीत माणसांची नाही, घरांची नावं असतात. तुमचं घर इमेरच्या नावावर आहे आणि इमेर बाहेर गेला. घराला एकच तोंड असतं. ते तोंड नाही म्हणालंय.

मी विचारलं, मग गेली अकरा वर्षं दूध पाठीवर घेऊन येत होती ती कोण होती?

"तू आणत होतीस, झेलीन," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, उलट जरा कुतूहलच होतं, जणू हे त्यांनाही आत्ताच दिसत होतं. मग त्यांनी तोड सुचवली. इमेरने येऊन फक्त एवढं सांगायचं, की माझ्या बायकोने दूध आणलं तर माझी परवानगी आहे. बस. तेवढ्यावर घेतो.

मी पळतच घरी गेले. एक वाक्य, तेवढंच तर हवं होतं.

इमेर सुजलेला अंगठा कोमट पाण्यात घालून बसला होता. मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. म्हणजे नाही असं नाही म्हणाला. तो म्हणाला, "मी परवानगी देत नाही. मनाईही करत नाही. तुझं दूध आहे, मी कोण परवानगी देणारा?"

मला आधी वाटलं थट्टा करतोय. मग लक्षात आलं की हा गंभीर आहे. मी म्हणाले, अरे बाबा, हे सगळं खरं असेल, पण तोंडाने नुसतं हो म्हण, म्हणजे दूध कढईत पडेल. तर तो म्हणाला, आज माझ्या ‘हो’ला किंमत आली तर उद्या माझ्या ‘नाही’लापण येईल. मग तू माझ्या मुठीत. मला तू मुठीत नकोयस.

आता यावर काय बोलणार? गावातल्या कुठल्या बाईचा नवरा असं बोलला असता? ऑलिंपला, नूमाच्या बायकोला, मी विहिरीवर हे सांगितलं तर तिने हातातली बादली खाली ठेवली. म्हणाली, माझा नूमा रविवारी गुत्त्यात हेच सगळं बोलतो आणि सोमवारी मला विचारतो की मोजे कुठे आहेत. तुझा तरी खरा आहे. मी म्हणाले, खरा आहे गं, पण खरेपणाची भाकरी होत नाही. आणि मला रडू आलं. त्याचं बरोबर होतं, हे मला दिसत होतं, आणि त्याच्या बरोबर असण्यामुळेच माझं दूध दाराबाहेर पडून होतं. तो वाईट असता तर मी त्याला बडवला तरी असता.

ऑलिंपने तोंड धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, त्याला कशाला विचारतेस, सभेला जा की.

पुढच्या सभेला मी गेले. पायरीवर बसले नाही, आत गेले. पुरुष जरा सरकले, कुणी बाकावर जागा दिली, कुणी दिली नाही. इमेर आला नव्हता. तो आता सभासद नव्हता, आणि मीही त्याला चल म्हटलं नाही. आदेमारकाकांनी विचारलं की इमेरने काही निरोप दिलाय का. मी सांगितलं की तो परवानगी देत नाही आणि मनाईही करत नाही. खोलीत खसखस पिकली. मग एकजण म्हणाला, हे म्हणजे काहीच नाही झालं.

"झालं की," मी म्हणाले. "तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय. दूध माझं आहे, मला विचारा. आणि हवं तर मला हेही विचारा, की इमेरला बाहेर राहायला माझी परवानगी आहे का."

या वेळी हसू आलं ते वेगळं होतं. नूमा सगळ्यात मोठ्याने हसला आणि मग एकदम गप्प झाला, बहुतेक त्याला सोमवारचे मोजे आठवले असतील. आदेमारकाका दाढी खाजवत म्हणाले की प्रश्न नवा आहे, पण डेअरी जुनी आहे, आणि इथे प्रश्न सुटतो तो हात वर करून. झेलीनचं नाव वेगळं लावायचं का? उन्हाळ्यात घातलेलं दूध मात्र चारही गाईंचं आहे. ते वाटून देता येणार नाही. चारही गाईंचं दूध परत येईल तेव्हाच चाकाची पाळी परत येईल. तोवर दोन गाईंचं दूध पुढच्या वर्षाच्या खात्यात.

हात वर झाले. निम्म्याहून जास्त. एवढी वर्षं मी बाहेर पायरीवर बसून हात वर होताना ऐकले होते, दिसले कधीच नव्हते. माझ्यासाठी वर गेलेले हात बघताना मला जे वाटलं ते इमेरला सांगूनही कळलं नसतं.

काका म्हणाले, छान झालं, आता तुझी नळी आतल्या खोलीत.

आणि तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या नियमाला मला कुणी विचारलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच माझ्याकडे बघायला लागले म्हणा ना. कुणीतरी मागून म्हणालं की नवऱ्याचा रोग हिलाही लागला. खरंच लागला होता. पण मला पीठ हवं होतं, नुसता ‘नाही’ घेऊन मी घरी जाणार नव्हते. मी म्हणाले की नळ्या ठेवा, मला काही हरकत नाही, पण कुलूप कशाला? दाराजवळच्या खिडकीत ठेवा, येता-जाता सगळ्यांना दिसतील. आणि बघणारा रोज वेगळा असू द्या. चाकाची जशी पाळी असते तशी बघण्याचीही पाळी. आज मी तुझं दूध बघेन, उद्या तू माझं बघ.

खोलीत कुजबुज झाली. कास्पर कढई घासत होता, तो म्हणाला की खिडकी उत्तरेची आहे, ऊन लागत नाही, चालेल. पुन्हा हात वर झाले. आदेमारकाकांचा झाला नाही. त्यांच्या मते एवढे सगळे बघणारे म्हणजे कुणीच न बघणारे. पण हात मोजून झाल्यावर ते उठले, आत गेले, आणि कुलूप काढून खिशात घालून आले. नळ्यांचा ठोकळा त्यांनी स्वतःच्या हाताने खिडकीत ठेवला.

घरी येऊन मी इमेरला सगळं सांगितलं. माझं नाव लागल्याचं ऐकून त्याचा चेहरा फुलला. पण त्याला खरा काटा लागला तो कुलपाचा. आदेमारला पटलं नव्हतं? नव्हतं. मग कुलूप का काढलं? हरले म्हणून. पटलं नसताना? हो रे बाबा, पटलं नसताना. दोन दिवस तो त्याच विचारात. शेवटी सुजलेले हात खिशात घालून तो स्वतःच आदेमारकाकांच्या कुरणावर गेला आणि त्यांना विचारून आला. काका वाळकं गवत गोळा करत होते. दाताळ्यावर हनुवटी टेकून म्हणाले की अजूनही पटलेलं नाही. पण या लोकांशिवाय माझं चाक होत नाही, आणि माझ्याशिवाय त्यांचं. तू म्हणतोस ते सगळं मला कळतं, इमेर, फक्त तुझ्याएवढं एकट्याने राहायला मला जमणार नाही.

हे सांगताना इमेर माझ्याकडे बघत नव्हता. तो म्हणाला, "तो हरला तरी गुलाम झाला नाही. हे कसं ते मला अजून नीट समजत नाही." आणि रात्री बराच वेळ जागा होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डेअरीत पोचले तर मागून तो येत होता, पाठीवर भांडं, चालताना दूध हिंदकळून मानेवर सांडत होतं. भांडं घेऊन कसं चालायचं तेही त्याला माहीत नव्हतं. पायरीवर येऊन तो म्हणाला की आपण बहुमताने झालं म्हणून नाही, पटलं म्हणून आलो आहोत, हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं. आदेमारकाका म्हणाले, कशाने का होईना, भांडं खाली ठेव. त्याची नळी माझ्या नळीशेजारी लागली. चार गाईंचं दूध परत आलं होतं. आमची पाळी दहा-बारा दिवसांवर होती. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ्या बघायची पाळी माझी होती.

सगळे खिडकीशी जमले होते. मी एकेक नळी उचलायची, साय रेघेला लावून बघायची, घराचं नाव घ्यायचं, ठीक म्हणायचं. नूमाची ठीक. आदेमारकाकांची ठीक. माझी ठीक. मग इमेरची. साय रेघेच्या बोटभर खाली होती.

मी नळी परत एकदा उजेडात धरली. बोटभर खाली. मागचे सगळे आणखी पुढे सरकले. मान वळवायचीही गरज नव्हती, कारण नळी सगळ्यांना दिसत होती, ते मीच मागून घेतलं होतं. नूमा हळूच म्हणाला, इमेर? तेवढंच, आणि त्यात काय काय नव्हतं! नियम सगळ्यांना पाठ होता. घर बाहेर, चाक बुडालं.

खोटं कशाला बोलू, एका क्षणाला मलाही वाटलं. की याने माझ्या पाठीमागे साय काढून घेतली की काय, लोण्यासाठी, मला मदत म्हणून. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक. आपल्या दुधात खोट निघेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. नळीकडे तो असा बघत होता जसा काही बिघडलेल्या घड्याळाकडे, की यात मी कुठे चुकलो. आणि मग माझी नजर त्याच्या हातांवर गेली. अंगठे वांग्यासारखे सुजलेले. आणि मला कळलं.

गाईच्या कासेत शेवटच्या धारा असतात ना, त्या सगळ्यात दाट. सगळी साय तिथे. आचळं अगदी निपटून काढावी लागतात, हात भरून आला तरी. याचे हात दुखले की हा उठत होता. वरवरचं पातळ दूध घेऊन येत होता आणि साय गाईतच ठेवत होता. मी शेजारीच बसून धारा काढत होते, पण करारामुळे मान वळवून बघत नव्हते.

बोलले नाही तर तो चोर ठरणार होता. बोलले तर सगळ्या गावापुढे त्याची शोभा. मी तोंड उघडलं तेवढ्यात तोच म्हणाला, "झेलीन, माझ्या वतीने बोलू नकोस. जे दिसतंय ते वाच."

"दिसतंय तेच वाचते," मी म्हणाले. "साय कमी आहे. कारण याला धार काढता येत नाही. गाय अर्धी भरलेली सोडून उठतो."

आधी बायका हसल्या. दारात दूध घेऊन आलेल्या सगळ्याजणी, ऑलिंप तर भिंतीला टेकून. मग पुरुष हसले. इमेरचे कान लाल झाले, मान खाली गेली. शब्द मागे घेता येत नव्हते आणि मला घ्यायचेही नव्हते. आदेमारकाकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले की बायको नवऱ्यासाठी काहीही सांगेल, नियम नळीचा आहे.

इमेरने मान वर केली. "मी आत्ताच धारा काढून आलोय," तो म्हणाला. "गाय गोठ्यातच आहे. चला, तुम्हीच बघा."

सगळं गाव आमच्या गोठ्यात शिरलं. जे मावले नाहीत ते दारात उभे राहिले. आदेमारकाका स्टूलवर बसले, कुशीला डोकं लावलं, आणि त्यांच्या जुन्या हातांनी ओढायला लागले. धार येत राहिली. पिवळट, दाट, बादलीत पडताना आवाजसुद्धा जड. बराच वेळ येत राहिली. काकांनी उठून बादली कास्परच्या हातात दिली, त्याने बोट बुडवलं, चाटलं, आणि मान डोलावली. कुणी हात वर करायला सांगितलं नाही. काका गुडघे झटकत म्हणाले, चाक तुमचं, नळी उद्या पुन्हा लावू. जाताना दारात थांबून इमेरला म्हणाले की दूध चांगलं आहे, माणूस कच्चा आहे. आणि लोक हसत, बोलत उताराने खाली गेले.

आम्ही दोघंच राहिलो. दुसरी गाय अजून तशीच होती, तीही अर्धीच काढलेली. इमेर तिच्या बाजूला उभा होता, हात लोंबकळत. मला वाटलं आता चिडेल, सगळ्यांसमोर माझी अब्रू काढलीस म्हणेल. तो स्टूल ओढून बसला आणि खाली बघत म्हणाला, "मला शिकव. तू सांगशील तसं करतो."

अकरा वर्षांत हे त्याने कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. कुणीतरी माझा इमेर काढून घेऊन दुसराच बसवल्यासारखं वाटलं.

मी त्याच्या मागे वाकले, त्याचे सुजलेले अंगठे आचळावर नीट बसवले, आणि माझे हात त्यावरून दाबले. त्याने ओठ मिटून घेतले.

"मी सांगेन तसं नको करूस," मी म्हणाले. "दुखलं तर बोल. तुझ्या हाताचं मला काय कळणार?"

मग म्हणाला, "दुखतंय."

मी हात सैल केले. त्याने अंगठा थोडा खाली घेतला, स्वतःच, आणि ओढलं. धार आली.